हातचा

पत्र आलं ऑक्टोबरात,
तू गेल्याला एकोणीस महिने झाल्यावर.
लाइपझिगमध्ये ऊब आधी वापरायची
आणि किंमत मागाहून कळायची,
हे तुला मी काय सांगू, ग्रित.
गेल्या वर्षीच्या हीटिंगचे वरचे चारशे बारा युरो,
चार आठवड्यांच्या आत.

बाकीचं आपण त्या मार्चमध्येच मिटवलं होतं,
स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलावर.
तू मीटरचा फोटो काढलास, आकडा मोठ्यानं वाचलास.
विजेचे अर्धे, पाण्याचे अर्धे,
टीव्ही नसलेल्या घराची टीव्हीची फीसुद्धा अर्धी.
किसणी तुझी, चाळणी माझी.
पै न पै.
मग जिन्यात हात मिळवलास,
बँकेतल्या माणसाशी मिळवावा तसा.
खाली भाड्याची व्हॅन ट्रामची वाट अडवून उभी होती,
ड्रायव्हर घंटी वाजवत होता.

इंटरनेट माझ्या नावावर आलं,
पण वायफाय अजून तू ठेवलेल्या नावानंच दिसतं:
कोबीचा गड्डा.
पाहुण्यांना मी पासवर्ड सांगते,
नावाचं काही सांगत नाही.

तर, चारशे बारा.
दिवसांनी भागलं तर सोपं आहे.
एक जानेवारी ते सतरा मार्च, शहात्तर दिवस,
त्यांचे जे होतील त्यातले निम्मे तुझे.
बेचाळीस युरो नव्वद सेंट.

पण पत्रासोबत एक कोष्टक होतं.
कुणीतरी कधीतरी बसून ठरवलंय
की वर्षाची थंडी धरायची हजार,
जानेवारीला त्यातले एकशे सत्तर, फेब्रुवारीला दीडशे,
आणि जून, जुलै, ऑगस्ट
तिघांना मिळून चाळीस.
या हिशेबानं तू वर्षाचा जेमतेम पाचवा हिस्सा राहिलीस,
आणि थंडीचे मात्र पाचातले दोन.
तुझे ऐंशी युरो साठ.

दोन्ही आकडे पाकिटाच्या पाठीवर लिहिले
आणि मला तुझी खिडकी आठवली.
रेडिएटर पाचावर, खिडकी बोटभर उघडी,
कारण ट्राम ऐकू आली नाही तर तुला झोप येत नाही.
मी जाता जाता दोनावर आणायचे.
तू येता येता पाचावर.
चार वर्षं.
भांडण असं कधी झालंच नाही,
नॉब तेवढा ढिला झाला.

ऐंशी साठ. लिहिलंच होतं मेसेजमध्ये.

मग खोल्यांची यादी पाहिली.
प्रत्येक रेडिएटरला काचेची बारीक नळी,
तिच्यातला निळा द्रव किती उडाला
ते वर्षातून एकदा येऊन तो मिशीवाला मोजतो.
तुझी खोली: त्याआधीच्या वर्षी एकतीस रेघा.
गेल्या वर्षी चौतीस.

तू तर सतरा मार्चला गेलीस.

दुसरी भाडेकरू मी आणली नाही.
विचारणाऱ्यांना सांगितलं, रंग द्यायचाय.
नोव्हेंबर लागला तेव्हा
त्या दाराखालून गार हवा येऊ लागली आणि मी
आत गेले, नॉब फिरवला,
गादी नसलेल्या पलंगाच्या फळ्यांवर थोडी बसले.
रोज नाही.
पण चौतीस.

खोडलं. बेचाळीस नव्वद लिहिलं, पाठवलं,
सोबत पत्राचा फोटो, पहिल्या पानाचाच.

तिसऱ्या दिवशी पैसे आले. रोस्टॉकहून, ऐंशी युरो साठ.
म्हणजे ते कोष्टक तूही शोधून काढलंस,
आणि मार्चचे सतरा दिवसही नीट भागलेस.
‘कशासाठी’ या रकान्यात एकच शब्द होता:
खिडकी.

आता हे वरचे सदतीस सत्तर कुठे मांडू?
शाळेत हातचा विसरला की उत्तर चुकायचं.
इथे उत्तर बरोबर आलंय
आणि हातचा तसाच हातात आहे.

संध्याकाळी तुझ्या खोलीतला नॉब
बर्फाच्या खुणेपर्यंत बंद केला.
पाइप बराच वेळ टिकटिकत राहिला.
खिडकी मी बोटभर उघडली,
अकराची ट्राम गेली, मग लावून घेतली.